अर्जदाराने समक्ष हजर राहावे

टाइलमध्ये खिळा जात नाही हे राधाकिशनरावांना त्या रविवारी तिसरा खिळा वाकल्यावर कळलं. पण कळणं आणि पटणं यांत त्यांच्या बाबतीत नेहमीच थोडं अंतर असायचं. त्यांनी चौथा खिळा घेतला. त्यांची लेक मनकर्णा स्टूल धरून उभी होती.

"अण्णा, टाइल फुटेल."

"फुटू दे. सरकारचीच हाय."

"सरकारची नाही, सहकाराची आहे."

"मग तर कुणाचीच न्हाई," असं म्हणून त्यांनी हातोडी घातली. टाइल फुटली नाही, पण खिळा उडाला आणि दुधाच्या रिकाम्या कॅनवर टणकन आपटला. बाहेर दुष्काळातल्या चारा छावणीतल्या एका म्हशीनं त्याला उत्तर दिलं.

आष्टी तालुक्यात कडा गावाच्या अलीकडे शिवेची वाडी नावाचं गाव आहे. तिथं सहकारी दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं. होतं म्हणजे इमारत अजून आहे. दूध नाही, संघ नाही आणि शीत तर काहीच नाही. राधाकिशनरावांनी या केंद्रात उभा जन्म फॅट मोजण्यात घालवला होता. केंद्राचं फाटक बीड जिल्ह्यात आणि मागचा हौद नगर जिल्ह्यात, त्यामुळे दोन्हीकडच्या गवळणी त्यांच्या एकाच खिडकीपुढे उभ्या राहायच्या. बीडच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या मनकर्णानं मागच्या दिवाळीत त्यांना पुण्याला एका कलादालनात नेलं होतं. तिथं पांढऱ्या कॅनव्हासवर एकच आडवी रेघ होती. राधाकिशनराव तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी रखवालदाराला त्यांनी विचारलं, "ही कोन्त्या दोन गावांमधली?"   परतीच्या वाटेवर नगरला चहा घेताना ते म्हणाले, "अशी भिंत आपल्याकडं बी हाय. पांढरीफटक, छतापत्तुर टाइल्स. नुसती पडून हाय."

सीमेवरच्या लोकांसाठी सीमेवरच चित्रांचं प्रदर्शन भरवायचं, ही कल्पना अशी निघाली. पत्रं त्यांनी लिहिली आणि चित्रकार मनकर्णानं गाठले. चित्र किती उंचीवर लावायचं यावर तिनं पुस्तकं वाचली होती. राधाकिशनरावांचं माप वेगळं होतं. डोक्यावर घागर असलेल्या बाईला मान न हलवता दिसलं पाहिजे, एवढंच.

"उद्या गहिनीनाथचं ड्रिल मशीन आनतो," संध्याकाळी स्टुलावरून उतरताना ते म्हणाले. "तू सकाळच्या गाडीनं पळू नको. भाकरी खाऊन जा."

ड्रिल मशीन त्यांनी त्याच संध्याकाळी आणून बाजेखाली ठेवलं. सोमवारी सकाळी ते उठले नाहीत.

अंत्यविधी झाला. लोक आले, बसले, पिठलं-भाकरी घेऊन आले. तिसऱ्या दिवशी सावडून परत आल्यावर राधाकिशनरावांचा फोन वाजला. फोन मनकर्णानं घेतला.

"नमस्कार. मी देशमाने, संघाचा अवसायक, बीडहून. राधाकिशनराव आहेत?"

अवसायक म्हणजे बुडालेल्या संस्थेचं उरलंसुरलं निस्तरायला सरकार नेमतं तो अधिकारी. इमारतीची किल्ली आता या माणसाच्या टेबलावर होती आणि परवानगी त्यानंच दिली होती; तयारीपुरतं कुलूपही त्यानंच काढून दिलं होतं.

"नाहीत," मनकर्णा म्हणाली.

"कधीपर्यंत येतील?"

एका वाक्याचं काम होतं. मनकर्णानं वर्गात मरणावरच्या कविता शिकवल्या होत्या, शोकाची वळणं फळ्यावर काढून दाखवली होती. पण ते एक वाक्य काही तोंडाबाहेर येईना. "सांगता येत नाही," ती म्हणाली.

"हरकत नाही. निरोप द्या. परवानगी व्यक्तिगत आहे, हस्तांतरणीय नाही. अर्जदार बदलला तर प्रस्ताव नव्यानं विभागीय कार्यालयाकडे, तिथून मंत्रालयात. तेव्हा अर्जदाराने समक्ष हजर राहून ताबा घ्यावा."

पुण्याहून चित्रांचा टेम्पो निघालेला होता. मंत्रालयातून कागद परत येईपर्यंत दुष्काळ जाऊन दुसरा आला असता. आणि प्रदर्शन झालं नसतं, तर अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी मागितलेली एकमेव गोष्ट टाइलवरून उडालेल्या खिळ्यासारखी कुठंतरी पडून राहिली असती. मनकर्णानं फोन ठेवला आणि अंगणात बसलेल्या मंडळींना सगळं सांगितलं.

मंडळींत गहिनीनाथ होते. दूध संघ बुडाला तरी चेअरमन ही पदवी काही त्यांच्या अंगावरून उतरली नव्हती. त्यांनी विचार केला.

"मॅडम, खोटं बोलायचं न्हाई. पाप लागतं. खरंच बोलायचं, पन अर्धं. सहकारात आमी जलमभर त्येच केलं."

"लोकांना कशाला यात ओढायचं?" मनकर्णा म्हणाली.

"लोकं वढल्याशिवाय सहकार व्हतो व्हय?"

आणि गाव कामाला लागलं. देशमान्यांचा फोन आला की जो जवळ असेल तो घ्यायचा. "आत्ताच इथून गेले," असं गहिनीनाथ सांगायचे. "त्ये आता कुनाचाच फोन घेत न्हाईत," हे टँकरवाल्या बन्सीचं. शेजारच्या केसरबाईंनी तर एका दुपारी कळसच केला.

"हायेत की," त्या फोनवर म्हणाल्या, "समोरच बसल्यात. गळ्यात हार घातलाय."

"हार? सत्कार होता का?"

"व्हय. समदा गाव आलता."

"वा! माझंही अभिनंदन कळवा."

"कळवते," केसरबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून भिंतीवरच्या फोटोकडे बघून पदरानं डोळे पुसू लागल्या.

मनकर्णाला या सगळ्याची लाज वाटत होती. त्याहून वाईट म्हणजे लाजेपेक्षा सोय जास्त वाटत होती. कुणीतरी विचारतंय, आणि अण्णा 'बाहेर' आहेत. बाहेर गेलेला माणूस निदान कुठंतरी असतो. पाहुण्यांना मरणाची बातमी केसरबाईंनी कळवली, ग्रामपंचायतीत नोंद गहिनीनाथांनी केली. कॉलेजच्या रजेच्या अर्जात तिनं 'घरगुती अडचण' एवढंच लिहिलं. ते वाक्य तिला कुणापुढेच म्हणावं लागलं नव्हतं. रात्री झोप येत नसे आणि दिवसा एका जागी बसवत नसे. त्यामुळे ती सारखी काहीतरी उचलून ठेवायची, आणि ठेवायला तर पुष्कळच आलं होतं.

चित्रं आली. पाठोपाठ सल्ले आले. या भागात प्रदर्शन म्हणजे कृषी प्रदर्शन. त्यामुळे पहिल्याच सकाळी कड्याचा एक ठिबक सिंचनवाला येऊन फाटकाजवळचा कोपरा आपल्याला पाहिजे म्हणून बसला. ही चित्रं आहेत, विकायची सुद्धा नाहीत, हे त्याला समजावताना मनकर्णाचा घसा सुकला. तो शांतपणे म्हणाला, "ठीक हाय मॅडम. मग गर्दी तरी कशानं व्हनार? एखादा स्टॉल असू द्या."

केसरबाईंनी सगळ्या भिंती पाहिल्या आणि एकच विचारलं, "यात देव कोन्ता?"

"देव नाहीये काकू."

"कावून न्हाई? मग आत आलेल्या मानसानं हात कुनाला जोडायचे?"

यावर मनकर्णाकडे परदेशी समीक्षकांची निदान चार उत्तरं होती. एकही तिनं दिलं नाही. ती समंजस बाई होती, शिवाय केसरबाई तिचा डबा घेऊन आल्या होत्या.

ड्रिल मशीन कोणी चालवलंच नाही. ते बाजेखालून काढायला मनकर्णा दोनदा वाकली आणि दोन्ही वेळा केरसुणी घेऊन परत आली. शेवटी चित्रं दुधाच्या पाइपांना सुतळीनं बांधून लोंबकळत ठेवली. वारा आला की सगळी समकालीन कला एकाच वेळी मान हलवून नाही म्हणे.

नगरच्या एका चित्रकर्तीनं सरकीच्या पेंडीची पोती शिवून दोन्ही जिल्ह्यांचा भलामोठा नकाशा केला होता. तो हवा लागावी म्हणून व्हरांड्यात टांगला. छावणीतल्या म्हशींना पोत्यांचा वास ओळखीचा होता. त्यातली एक दावं तोडून आली आणि तिनं आष्टी, पाटोदा चाटून लख्ख केलं, मग सीमा ओलांडून पाथर्डीत शिरली. "पोतं रिकामं हाय हे तिला बी कळंना," म्हशीचा मालक कौतुकानं म्हणाला. चित्रकर्तीला फोन केला तर ती म्हणाली, "तसंच राहू द्या, आता ते पूर्ण झालं." मनकर्णाला हायसं वाटलं, आणि थोडा मत्सरही. म्हैस एका भेटीत जे करून गेली ते तिच्या चार पानी प्रस्तावनेला जमलं नव्हतं.

बॅनर गहिनीनाथांनी स्वखर्चानं केला. वर त्यांचा फोटो, खाली पंचक्रोशीतले एकूण एक चेहरे, आणि चित्रकारांची नावं मुंगीच्या पायाएवढी. मध्ये 'संयोजक : राधाकिशनराव'. छापणाऱ्यानं कड्याहून फोन करून विचारलं, "मॅडम, नावाआधी कै. टाकायचं ना?"

"नको," मनकर्णा म्हणाली.

"पन समद्यांना ठाव हाय…"

"टाकू नका म्हणाले ना." एवढ्या चढ्या आवाजात ती गेल्या कित्येक वर्षांत बोलली नव्हती. पलीकडून तो घाबरून "बरं बरं" म्हणाला.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात देशमान्यांनी तिला बीडला बोलावलं. जुन्या इमारतीचा जिना, वर पंखा, पंख्याखाली देशमाने. तिच्या मनात त्यांचं जे चित्र होतं तसे ते मुळीच नव्हते. बारीक अंगाचे, सभ्य, समोरच्याला आधी पाणी देणारे. अशा माणसाला फसवणं फार कठीण जातं.

"बाई, माझ्याकडे संघाची जी पत्रं येतात त्यांत नुसती भांडणं असतात. याचं देणं, त्याची चौकशी. तुमच्या वडिलांनी लिहिलं, 'भिंती पांढऱ्या आहेत, चित्रं लावावीत असे वाटते.' मी ते पत्र घरी नेऊन बायकोला वाचून दाखवलं."

मनकर्णानं पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला.

"कसे आहेत ते?"

"शांत आहेत," ती म्हणाली.

"मी स्वतः येतो उद्घाटनाला. सही घेईन, किल्ली त्यांच्या हातात देईन. नियम आहे, आणि भेटायचंही आहे. ते नसतील तर मात्र मला कुलूप लावून यावं लागेल. मनात नसलं तरी."

परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. आता सांगावं, पुढच्या थांब्यावर उतरून फोन करावा, असं जामखेडच्या रस्त्यानं जाताना तिच्या तीनदा मनात आलं. गाडी तिन्ही थांब्यांवर थांबली. ती काही उतरली नाही.

आता चित्रकारांपैकी पुण्याच्या निहारविषयी. निहार तरुण होता, दाढी होती, आणि उन्हाला तो 'लाइट' म्हणायचा. त्याला घागरींची रांग मांडायची होती. गावातून, छावणीतून, पलीकडच्या वस्त्यांवरून त्यानं रिकाम्या घागरी मागून आणल्या. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी फाटकापासून अंगणातून, शीतगृहाच्या एका दारातून आत आणि मागच्या दारातून थेट हौदापर्यंत त्यानं त्या एकापुढे एक लावल्या. लाल, निळ्या, पिवळ्या. शेजारी पाटी ठोकली : 'प्रतीक्षा. हात लावू नये.' मनकर्णाला ती रांग बघून कसंसंच झालं, म्हणजे काम चांगलं होतं.

सकाळी ती फाटकाशी आली तेव्हा रांग फाटकाबाहेर गेली होती. डांबरी रस्ता ओलांडून, मारुतीच्या पाराला वळसा घालून ती पार शाळेपर्यंत पोचली होती. दुष्काळात या भागात रिकाम्या घागरींची रांग दिसली की कुणी कारण विचारत नाही. आपली घागर मागं लावायची आणि मग टँकर कधी येणार ते विचारायचं. मागच्या बाजूला नगरच्या बायकांनीही तेच केलं होतं. हौदापासून त्यांची रांग बाभळीपर्यंत गेली होती. बीडच्या बायकांना वाटत होतं रांगेचं तोंड हौदाकडे, नगरच्या बायकांना वाटत होतं फाटकाकडे. आणि एवढी मोठी रांग कुणी उगाच लावील का, म्हणून बन्सी टँकर घेऊन आलाही होता. खेप दुसऱ्या वस्तीची होती. पण रांग बघून त्याचाही ब्रेक दाबला गेला होता.

"मॅडम, पाइप कुठून सोडू? पुढं कोन्तं, मागं कोन्तं?"

मनकर्णानं निहारकडे बघितलं. निहारचे डोळे चमकत होते. "रांगेला सुरुवातच नाहीये," तो म्हणाला, "तीच तर कल्पना आहे."

"सुरवात न्हाई तर पानी कुठून वाढायचं, बाबा?" केसरबाईंनी विचारलं. समीक्षेच्या बाजूनं बघितलं तर प्रश्न बिनतोड होता.

मग जे सुरू झालं त्याला चर्चा म्हणता येणार नाही. केसरबाई म्हणाल्या, फाटकाजवळची लाल घागर आपली, ती पहिली. नगरच्या बायका म्हणाल्या, हौदाजवळची पहिली. कोणीतरी मधली निळी उचलून पुढं ठेवली. निहार "प्लीज, हात लावू नका" म्हणत धावला आणि त्याच्या हातात दोघींनी आपापल्या घागरी धरायला दिल्या. गहिनीनाथांनी माइक घेतला आणि शांततेचं आवाहन करण्याआधी व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घ्यायला सुरुवात केली. बन्सी टपावर उभा राहून ओरडत होता, "ए बाई, नगरवाल्यांनो, माझ्या खेपेत तुमचा जिल्हा बसत न्हाई! शीव कुठून जाती त्ये आधी सांगा!"

त्या गोंधळात हौदाजवळच्या घागरीशी एक म्हातारी खाली बसली. पलीकडच्या वस्तीवरची भिवराबाई. पूर्वी ती याच केंद्रावर दूध घालायची. अलीकडे लेकीकडे असायची, कालच परतली होती.

"भांडू नका," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण हौदाजवळच्या सगळ्या गप्प झाल्या. "राधाकिशनला बोलवा. इथं पुढं कोन अन् मागं कोन, त्यो सांगायचा. म्हशीला उशीर झाला तर कावून झाला त्ये इचारायचा. त्यानं कधी बीड-नगर केलं न्हाई. त्यो म्हनला भिवरे तू मागं, तर मी मागं जाते."

केसरबाईंनी मनकर्णाकडे चोरून बघितलं. मग सवयीनं म्हणाल्या, "येतील आत्या. बाहेर गेल्यात."

"येतील, येतील," चेअरमन माइकवरून म्हणाले.

"येऊ दे की. मी बसते," म्हातारी म्हणाली आणि तिनं पदर डोक्यावर पुढं ओढला. बाभळीची सावली केव्हाच सरकून गेली होती. सिमेंटच्या ओट्यावर ऊन मावत नव्हतं.

"चला आजी, आत सावलीत बसा," मनकर्णा म्हणाली.

"न्हाई गं बाई. नंबर जाईल. त्यो आला अन् मी जागंवर न्हाई असं नको व्हायला."

तेवढ्यात फाटकातून एक पांढरी जीप आली. देशमाने उतरले. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी बॅनर वाचला, डुलणारी चित्रं बघितली, घागरी ओलांडत ओलांडत ते मागच्या दारापर्यंत आले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"सुंदर! बाई, खरंच सुंदर. राधाकिशनराव कुठायत?"

"येतील," दोन-तीन जण एका सुरात म्हणाले. सवय झाली होती.

"मग मीही थांबतो. घाई नाही." गहिनीनाथांनी पळत जाऊन त्यांच्यासाठी खुर्ची आणली. साहेब सावलीत बसले. त्यांनी फाइल मांडीवर घेतली आणि पेनाचं टोपण काढलं. समोर उन्हात म्हातारी बसली होती, घागरीवर एक हात ठेवून. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिला बघून आणखी दोघी तिच्या मागे बसल्या, मग आणखी चौघी. सगळ्यांची तोंडं फाटकाकडे होती. टपावरून बन्सीही फाटकाकडे बघू लागला.

मनकर्णानंही एकदा मान वळवून बघितलं. रस्ता मोकळा होता.

ती आता बोलणार हे गहिनीनाथांच्या ध्यानात आलं असावं. ते जवळ येऊन पुटपुटले, "मॅडम, काय बी बोलू नका. सही व्हईस्तवर धीर धरा. मी सांभाळतो. पाच मिंटात साहेबाला जेवायला नेतो, अन् अण्णांच्या वतीनं सही मीच ठोकतो. इथवर आनलंय, आता कुलूप लागू देऊ नका."

ते बरोबर सांगत होते. पाच मिनिटं गप्प राहिलं असतं तर चित्रं राहिली असती. आत वारा आला होता, सगळी चित्रं पाइपांवर हलत होती, बरोब्बर घागर घेतलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीला. ती उंची तिनं फीत न लावता ठरवली होती, डोक्यावर रिकामी घागर ठेवून, एकटीनं.

पण म्हातारी उठत नव्हती. कुणी सांगेपर्यंत ती उठणारही नव्हती.

मनकर्णा उन्हात गेली आणि भिवराबाईपुढे सिमेंटवर उकिडवी बसली. ओटा तव्यासारखा तापला होता. तिनं म्हातारीचा घागरीवरचा हात आपल्या हातात घेतला. मागे खुर्ची हलल्याचा आवाज आला. देशमाने उठून उभे राहिले असावेत. तिनं तिकडे बघितलं नाही. बारीक आवाजात बोलायचं असं ती ठरवून बसली होती, पण आवाज तिच्या हातात राहिला नाही. तो शीतगृहाच्या टाइल्सवरून फिरून फाटकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेला.

"आजी, उठा उन्हातून. ते येणार नाहीत. वारले. माझे वडील वारले."